पित्ताशयाचं ऑपरेशन, दुर्बिणीतून: सर्जनना पूर्ण गुण, डिस्चार्जला नाही

सासूबाईंचं वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह, पित्ताशयात खडे आणि एकदा चांगलीच सूज येऊन गेलेली. नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात ऑपरेशन केलं. दुर्बिणीतून पित्ताशय काढायची सुरुवात आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी केली. इतक्या वर्षांनी "नवीन तंत्र आहे, मुंबईलाच न्या" हा नातेवाइकांचा आग्रह मला पटला नाही.

सर्जन मनापासून आवडले ते ऑपरेशनच्या आधीच्या बोलण्यामुळे. कागदावर यकृत, पित्ताशय, पित्तनलिका काढून दाखवली. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, चार छोट्या छिद्रांतून काम करायचं. मग म्हणाले, "आजी, सुजेमुळे आत सगळं चिकटलेलं असलं तर मी पोट उघडेन. ते तुमच्या सुरक्षिततेसाठी. चिठ्ठीवर सही करताना हेही धरून चला." मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका हजारात तीन-पाच जणांना असतो, तोही स्वतःहून सांगितला. पित्ताशयाकडे जाणारी नळी आणि रक्तवाहिनी या दोनच गोष्टी स्वच्छ दिसल्याशिवाय क्लिप लावत नाहीत, म्हणाले. 'बिनटाक्याचं ऑपरेशन' अशा पाट्या गावोगावी दिसतात, पण पोट उघडायची वेळ कधी येऊ शकते हे किती जण सांगतात?

उघडावं लागलं नाही. माझ्या मावशीचं हेच ऑपरेशन पूर्वी पोट उघडून झालं होतं; उजव्या फासळ्यांखाली वीतभर व्रण, खोकला आला की उशी पोटाशी धरायची. सासूबाई त्याच संध्याकाळी आधार घेऊन बाथरूमपर्यंत चालल्या. रात्री उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा मात्र आम्ही सगळे घाबरलो. नर्सताईंनी समजावलं, पोटातल्या गॅसने छातीखालचा पडदा चिडतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. दुसऱ्या दिवशी उतरलं. ही गोष्ट आधी सांगायला हवी होती.

नर्सिंग उत्तम, साखर वेळेवर तपासली, घरी जाताना काय बघायचं ते मराठीत लिहून दिलं: ताप, डोळे पिवळे होणं, पोटदुखी वाढणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच परत या.

बिलिंगचा कारभार वाईट. सकाळी सुट्टी मिळाली, विम्याची मंजुरी येईपर्यंत संध्याकाळ. मधुमेही पेशंट बसून, आणि काउंटरवर कोणी धड उत्तर देईना. सामानाच्या यादीत दोन वस्तू दुबार लावल्या होत्या, विचारल्यावर काढल्या. बिल ओळ न् ओळ तपासा.

काढलेलं पित्ताशय बायोप्सीला जातं. तो रिपोर्ट नंतर येतो आणि कोणी फोन करून कळवत नाही. टाके दाखवायला जाल तेव्हा मागून घ्या.