ऑफिसच्या पार्किंगचा पास : आठ महिन्यांनंतर

जुलैत आमच्या इंदूरच्या ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडला : एक तारखेपासून तळघरातल्या पार्किंगला पास लागेल, स्कूटर ₹300, कार ₹1500, जीएसटी वेगळा. खाली पटापट अंगठे आले. सवयीने एक मीही ठोकला. त्या अंगठ्याचा हा हिशेब.

18 टक्के जीएसटी धरून स्कूटरचे महिन्याला ₹354, बॅरियर उघडायला गाडीवर चिकटवायच्या टॅगचे एकदाच ₹200. मार्चअखेर ₹3,032 झाले. रोज सकाळी बाहेर पोहे-जिलबी खाणाऱ्याने एवढ्या रकमेवर रडू नये, असं बायको म्हणते. तिचं बरोबर आहे.

आधी चांगलं सांगतो. पूर्वी आमच्या तळघरात शेजारच्या कोचिंगची पोरं, समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं, कुणीही गाडी लावून जायचं. आता बॅरियर आहे, दिवे आहेत, आरशाला अडकवलेलं हेल्मेट संध्याकाळी तिथेच सापडतं. आमच्याकडच्या दोघी रात्री साडेनऊला सुटतात, त्यांना एकटीने खाली उतरायला आता धाकधूक वाटत नाही. एवढ्यासाठीच पैसे मागितले असते तर मी हे लिहायलाही बसलो नसतो.

पण पास म्हणजे जागा नव्हे. पास फक्त आत शिरण्याचा. सव्वादहानंतर पोचलात की स्कूटर तिसऱ्या ओळीत, आणि संध्याकाळी ती काढायला आधी इतरांच्या चार गाड्या उचलून बाजूला. पहिल्याच मोठ्या पावसात टॅगचा गोंद सुटला. मग मोबाइलवरचा क्यूआर कोड : उतारावर एका पायाने गाडी तोलायची, रेनकोटच्या आतल्या खिशातून फोन काढायचा, ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, मागे हॉर्नांची रांग. गार्ड भला माणूस. "भिया, अंदर ले लो, नी तो पीछे वाले खा जाएंगे," म्हणत तो हाताने दांडा उचलायचा. त्याला तशी मनाई होती आणि त्याबद्दल बोलणी बसत होती, हे मला दिवाळीत कळलं.

दरात कार आणि स्कूटर असा फरक केलाय, वरवर न्याय वाटतो. प्रत्यक्षात साहेब लोकांच्या कारचा पास कंपनी भरते. पॅन्ट्रीतल्या मावशी त्यांच्या मोपेडचे ₹354 स्वतः भरत होत्या, माझ्याइतकेच. दोन महिने भरले, मग मागच्या गल्लीत लावायला लागल्या. तिथल्या रहिवाशांनी दारापुढे कुंड्या मांडून ठेवल्यात, आणि कुंड्यांच्या पलीकडे लावलेली गाडी क्रेन उचलते. एकदा उचललीही. त्या दिवशीचा चहा आम्हीच केला.

भांडायचं तर माहिती हवी, म्हणून वाचायला बसलो. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या पालिकेने एप्रिल 2012 पासून ऑफिसांच्या पार्किंगवर आकार लावला. पण पालिका तो मागते मालकाकडे, आणि 11 किंवा जास्त जागा असतील तरच. पहिल्या वर्षी एका जागेचे 288 पौंड होते. मालक ते नोकरदाराकडून वसूल करू शकतो, तेव्हा खिसा शेवटी आपल्यासारख्याचाच. फरक पुढे आहे. तिथल्या 2000 सालच्या वाहतूक कायद्याने हा पैसा स्थानिक वाहतुकीवरच खर्च करावा लागतो. 2015 मध्ये नॉटिंगहॅमच्या ट्रामचे नवे मार्ग सुरू झाले, त्यांना या पैशाचाही हातभार होता. आमचे ₹354 कुठे जातात, ते विचारल्यावर "मेंटेनन्स" एवढं ऐकायला मिळालं.

स्कॉटलंडच्या संसदेत तर यावरून चांगलीच जुंपली होती. 2018 मध्ये मांडलेल्या वाहतूक विधेयकात ऑफिसच्या पार्किंगवरच्या आकाराची तरतूद मुळात नव्हती, 2019 मध्ये समितीच्या टप्प्यावर दुरुस्ती म्हणून आली. विरोधकांनी नेमकं तेच धरलं : लोकांना आधी नीट विचारलं का? पहाटे किंवा रात्री, बस नसताना कामावर जाणाऱ्याचं काय? कमी पगाराच्या माणसाला साहेबाइतकाच भुर्दंड का? कायदा झालाच, पण सरकारी आरोग्यसेवेची रुग्णालयं आणि अपंगांच्या ब्लू बॅजवाल्या जागा वगळून. शिवाय योजना आणण्याआधी स्थानिक परिषदेने सल्लामसलत करायची आणि परिणामांचा अंदाज मांडायचा, ही अट. आमच्याकडे समिती म्हणजे तो अंगठा.

बडोद्याच्या मामेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "कोर्टात जा की!" जुलै 2019 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने मॉल-मल्टिप्लेक्सना पार्किंगचे पैसे घेता येणार नाहीत, असं म्हटलं होतं. पण तो मामला गुजरातचा आणि मॉलचा. शिवाय ₹354 साठी वकील? मामेभाऊ उत्साही आहे.

माझं खरं दुखणं वेगळंच. मी मूळचा बसवाला. राजेंद्रनगरहून राजीव गांधी चौराह्यापर्यंत कुणाच्या तरी मागे बसून जायचं, तिथून आयबस, थेट एलआयजी. 2013 पासून ती गाडी आपल्या वेगळ्या लेनमधून सुटसुटीत धावायची. नवलखा, गीता भवन, पलासिया, बाहेर कितीही कोंडी असो. फेब्रुवारी 2025 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ही बसची वेगळी लेन, म्हणजे बीआरटीएस, काढायला मंजुरी दिली आणि कठडे तुटायला लागले. आता बस आमच्या स्कूटरींबरोबरच सिग्नलला उभी असते. मेट्रो 31 मे 2025 ला सुरू झाली खरी, पण गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर, पाच स्टेशनं. माझ्या वाटेच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे बसची लेन गेली त्याच वर्षी स्कूटरला पास लागला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, मला मान्य आहे. पण सकाळी नऊला दोन्ही माझ्याच डोक्यावर येऊन बसतात.

आणि हा पास महिन्याचाच. रोजच्या हिशेबाने मिळत नाही. पैसे भरून बसलोय म्हटल्यावर बसने गेलेला दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो, म्हणून पायात गोळे आले तरी माणूस स्कूटरच काढतो. पूर्वी आठवड्यातून तीनदा बस धरणारा मी, ऑगस्ट ते डिसेंबर एकदाही चढलो नाही. गर्दी कमी करायला पास आणला म्हणतात, आणि माझी एक स्कूटर त्यांनी रस्त्यावर वाढवली.

जानेवारीत एचआरला लेखी दोन गोष्टी मागितल्या : दिवसाचा पास आणि मावशींसारख्यांचा पास कंपनीच्या खर्चाने. दुसरी मान्य झाली, तीही मुकाट्याने, कुणाला न कळवता. मावशींनीच टॅग दाखवला. पहिलीचं उत्तर आलं : "विचाराधीन".

एप्रिलचे ₹354 काल भरले. टॅग या वेळी फेविक्विकने चिकटवलाय.