तीन सिलिंडरच्या इंजिनाला चार लायनर: माझे ७६,२०० रुपये कसे गेले

आधी आकडा सांगतो, कारण अजूनही रात्री तोच डोळ्यासमोर येतो. इंजिन नेण्या-आणण्याच्या पिकअपचं भाडं ३,५००, अॅडव्हान्स २०,०००, लायनर-पिस्टन किट २६,४००, क्रँक ग्राइंडिंग आणि बेअरिंग ११,८००, गॅस्केट आणि मजुरी १४,५००. एकूण ७६,२०० रुपये. एवढं घालून जे इंजिन परत आलं, त्यात नवं काय होतं? गॅस्केट आणि वरून मारलेला करडा रंग.

ट्रॅक्टर मॅसी १०३५, जुना, ३६ एचपीचा. देवगड तालुक्यात आमची आंब्याची बाग आहे. फवारणीची टाकी, पंप आणि सीझनला पेट्या, सगळं याच्याच ट्रॉलीवर. मे महिन्यात मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडात लावला. सायलेन्सरवर उपडा घातलेला डबा जूनच्या वाऱ्यात उडाला आणि पागोळीचं पाणी सरळ पाइपात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेल्या सिलिंडरमध्ये ते उतरलं, पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याला, गंजून चिकटल्या. किनारपट्टीवर हे दर पावसाळ्यानंतर कुणाचं ना कुणाचं होतं, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही. सेल्फ मारला की नुसतं ‘टक’. बॅटरी नवी घातली, तरी ‘टक’.

हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. त्याने पुलीच्या नटाला पाना लावून एकदा जोर केला, घाम पुसला आणि म्हणाला, “काका, क्रँक धरलीहा. ह्यां घराकडे होणारां काम न्हय.” म्हणजे क्रँकशाफ्ट, पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, जाम झालाय. डिझेल फवारणारे नोझल काढून आत बघितलं नाही. हेड उघडलं नाही. हेड न उघडता क्रँकचं निदान करणारा माणूस एकतर देव असतो नाहीतर चोर, आणि देव पिकअप घेऊन येत नाही. पण मोहोर तोंडावर आला होता. पहिली फवारणी चुकली तर तुडतुडा वर्षाचं उत्पन्न खातो. अशा वेळी माणूस मेकॅनिकची परीक्षा घेत बसत नाही. आमच्या जागी कुणीही इंजिन दिलंच असतं.

आणि मग तो फोटो.

व्हॉट्सअॅपवर आला. उघडा ब्लॉक, आत गंज, लायनरवर ओरखडे, खाली मेसेज: “सगळे लायनर गेले, किट टाकावं लागेल, २६,४००.” त्या ब्लॉकला चार भोकं होती. माझं इंजिन तीन सिलिंडरचं. तीन! इतकी वर्षं त्या ट्रॅक्टरवर बसलोय, नोझल तीन, पंपातून निघणारे पाइप तीन. शाळेतलं पोरसुद्धा मोजेल. पण मोबाइलची काच तडकलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि फोटो आला तेव्हा मी शेजाऱ्याच्या बाराव्याच्या जेवणात वाढत होतो. तोच फोटो मुंबईला मुलाकडे पाठवला. तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे. त्याने अंगठा पाठवला. आता सांगा, दोष एकट्या माझाच का? पुढे क्रँकचे ११,८००ही मी त्याच भरवशावर यूपीआयने पाठवले.

इंजिन परत आलं. सुरू झालं, निळा धूर, चढावाला दम नाही. गॅरेजवाला म्हणाला, “रिंगा बसूक वेळ लागता.” शेवटी गावातल्या जुन्या मेकॅनिककडे गेलो. वयामुळे त्याने काम सोडलंय, पण माझ्यासाठी त्याने हेड आणि चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरवलं. आत जुनेच लायनर. रिंगा जिथे चिकटल्या होत्या तिथे गंजाचे पट्टे अजून दिसत होते, त्यावर पॉलिश पेपर फिरवलेला. पिस्टनच्या डोक्यावर जुना काजळीचा थर. “ह्यो नवो लायनर? मेल्यान पेपर मारल्यान आणि तसोच ठेवल्यान.” मग त्याने एक बेअरिंग शेल (क्रँकभोवती बसणारी पातळ वाटी) काढून पाठीवरचा शिक्का दाखवला: एसटीडी, म्हणजे स्टँडर्ड, मूळ मापाचा. क्रँक खरंच घासली असती तर ती बारीक झाली असती आणि अंडरसाइज शेल लागले असते, दहा किंवा वीस थाऊचे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). घासलेल्या क्रँकवर स्टँडर्ड शेल सैल पडतो, चालत नाही. म्हणजे ग्राइंडिंगही झालं नव्हतं. ग्राइंडिंगचं बिल दिलंत तर शेलची पाठ बघा, एवढं एक कराच.

मला सगळ्यात जास्त झोंबतं ते वेगळंच आहे. जाम इंजिन सोडवायचं कसं हे त्या गॅरेजवाल्याला पक्कं माहीत होतं आणि त्याने तेच केलं. नोझल काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पॉवर स्टीअरिंगचं तेल निम्मंनिम्मं ओतायचं, आठ-दहा दिवस मुरू द्यायचं. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुलीच्या नटाला लांब पाना लावायचा आणि थोडं पुढे, थोडं मागे. केसभर हलली तरी पुरे, पुन्हा तेल. गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढू नका, रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. सुटल्यावर नोझल लावायच्या आधी सेल्फ मारून आतलं तेल बाहेर उडवायचं आणि चेंबरचं ऑइल बदलायचं, कारण डिझेल खाली उतरलेलं असतं. खर्च हजारभर रुपये. नाही सुटलं तर हेड उघडा, पण तुमच्या अंगणात, तुमच्या समोर.

फ्युएल पंपही बदललेला निघाला. माझा चांगला पंप काढून झिजलेला लावलेला. दुसरा घेतला, १८,००० रुपये. हे त्या ७६,२०० मध्ये धरलेले नाहीत. इंजिन बाहेर द्यायच्या आधी पंप, सेल्फ, डायनमो यांच्या नंबरांचे फोटो काढा. माझ्याकडे खंडेनवमीच्या पूजेचा एक फोटो होता, त्यात पंपाच्या पट्टीवर नेमका झेंडूचा हार.

आता साहेबलोकांचं ऐका. पोलीस ठाण्यात सांगितलं, “हा दिवाणी वाद आहे.” मी म्हटलं, साहेब, दुसऱ्याच इंजिनाचा फोटो दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशाला ठेवलंय? तर म्हणे पक्कं बिल आणा. पक्कं बिल देणारा माणूस फसवतो कशाला? अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. शिक्का मारायचा तर शिक्केवाला जेवायला गेलेला. कृषी कार्यालयात गेलो, तिथे अनुदानाच्या यंत्रांचंच बघतात, दुरुस्ती त्यांच्या कक्षेत नाही. कुणाच्या कक्षेत आहे, तेही त्यांच्या कक्षेत नाही. गावातल्या तंटामुक्त समितीच्या अध्यक्षांनी दोघांना समोरासमोर बसवलं, चहा पाजला आणि मला म्हणाले, “जाऊ द्या, पोरगा गरीब आहे.” अध्यक्षांचा टेम्पो त्याच गॅरेजात उभा असतो.

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर तक्रार लिहून स्पीड पोस्टाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गॅरेज कुठेही असो. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. समोरचा वकील म्हणणार की ट्रॅक्टर धंद्याचा, तुम्ही ग्राहकच नाही. म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिहा की ट्रॅक्टर तुम्ही स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवता. आणि जुने भाग परत मागा, किट बदललं म्हणणाऱ्याकडून जुने पिस्टन हातात आल्याशिवाय पैसा सोडू नका. मी मागितले तेव्हा “भंगारात गेले” असं उत्तर आलं. तिथेच उरलेले १४,५०० अडवता आले असते, पण पिकअप अंगणात उभी होती आणि पैसे दिल्याशिवाय इंजिन खाली उतरत नव्हतं.

तक्रार दाखल केली. आयोगाची नोटीस परत आली, शेरा: “पत्त्यावर आढळत नाही.” तो रोज सकाळी त्याच पत्त्यावर शटर उघडतो. दुसरी नोटीस निघाली आहे. या वेळी शटर, बोर्ड आणि शटरसमोर उभा असलेला तो, असा फोटो अर्जाला जोडला आहे.