हॉल कापून काढलेली दुसरी बेडरूम: वर्षभराच्या वापरानंतर

काम पूर्ण झालं त्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर चार ओळींत आटोपलं असतं: खोली झाली, छान झाली, लेक खूश. पण घराचं काम पुरतं कळायला त्यात सगळे ऋतू काढावे लागतात, परीक्षेच्या रात्री आणि पाहुण्यांनी भरलेली घरंही बघावी लागतात. आता वर्ष होत आलंय. एका वाक्यात सांगायचं तर खोली वसूल झाली. तक्रारी आहेत त्या आवाजाच्या आणि हवेच्या. जागा कमी पडल्याची तक्रार, जिची आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती होती, ती मात्र कुणीच केलेली नाही.

आधीची रचना अशी होती. हॉल २० फूट लांब आणि ११ फूट रुंद. एका टोकाला मुख्य दार, दुसऱ्या टोकाला एकुलती एक मोठी खिडकी. जुनी बेडरूम, बाथरूम आणि स्वयंपाकघर या तिन्हींची दारं मुख्य दाराकडच्या अर्ध्या भागात उघडतात. आमचं काम सोपं झालं ते यामुळेच. खिडकीकडचे नऊ फूट वेगळे केले तरी कुणाचाच रस्ता अडत नव्हता. एखादं दार जरी पलीकडच्या भागात असतं तर तिथवर तीन फुटी पॅसेज सोडावा लागला असता आणि मग खोली उरली असती आठ फुटी. तुमच्या घराचा नकाशा हातात घ्याल तेव्हा आधी दारं बघा, चौरस फूट नंतर.

स्वयंपाकघर हॉलमध्ये आणून मूळ स्वयंपाकघराची बेडरूम करावी, असंही आम्हाला दोघा-तिघांनी सुचवलं होतं. कागदावर ते फार देखणं दिसतं, कारण स्वयंपाकघराला स्वतःची खिडकी असते. अडचण सिंकच्या सांडपाण्याची. या पाइपला साधारण ४० ला १ असा उतार द्यावा लागतो, म्हणजे मीटरमागे अडीच सेंटिमीटर. डक्ट, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात ती जागा, चार मीटर दूर असेल तर नुसत्या उतारातच १० सेंटिमीटर गेले, त्यावर पाइपची जाडी आणि फरशी. घरात मधोमध पायरी करायची, नाहीतर पाइप तुंबत राहायचा. शिवाय खालच्या घराच्या बैठकीच्या खोलीवर आपलं सिंक येणार, गळती झाली की भांडण ठरलेलं. हा विचार तिथेच सोडला.

भिंत कशाची करायची यावर फार वाद झाला नाही. साडेचार इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास जाते. पत्र्याच्या स्टडवर, म्हणजे आतल्या उभ्या पट्ट्यांवर, दोन्हीकडून दुहेरी जिप्सम बोर्ड मारला तर ४५ ते ५० किलो. स्लॅबच्या मधोमध, खाली बीम नसलेल्या जागी टनभराहून जास्त वजनाची सलग भिंत उभी करायला स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्पष्ट नकार दिला, आणि त्याने तो द्यायलाच हवा होता. बोर्डाच्या आत रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, भरून घेतलं. ते विसरू नका. रिकामी पोकळी असलेली भिंत टकटक केली की ढोलकीसारखी वाजते आणि पलीकडचा आवाजही तसाच वाजवून दाखवते.

परवानगीबद्दल जास्त लिहीत नाही. इमारतीची आणि स्थानिक नियमांची, दोन्ही बघा. बेडरूम म्हणवायला खोलीला बाहेर उघडणारी खिडकी लागते आणि अनेक नियमावल्यांत तिचं माप खोलीच्या क्षेत्रफळाच्या ८ ते १० टक्के धरलेलं असतं. आमच्या खिडकीने ते सहज भागवलं. पण त्यामुळे हॉल बिनखिडकीचा झाला, आणि खरी डोकेफोड तिथून सुरू झाली.

उजेडाचा एक ठोकताळा आहे. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत कामाचा उजेड आत जातो. आमचा काठ ७ फुटांवर, म्हणजे १४ ते साडेसतरा फूट. याचा अर्थ मुख्य दाराजवळचा भाग आधीही दिव्यांवरच जगत होता, आम्हाला फक्त त्याची सवय झालेली. हे मोजून बघितल्यावर भिंत घालायची भीती बरीच कमी झाली.

तरीही पूर्ण अंधार नको म्हणून भिंत ७ फुटांपर्यंत बोर्डाची आणि वर स्लॅबपर्यंत काच असं केलं. इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर निराश व्हाल. खिडकीचा वरचा काठ ७ फुटांवर आणि काचही ७ फुटांच्या वर. आकाशातून येणारा उजेड खिडकीतून खाली उतरत येतो, तो या काचेतून थेट जाऊच शकत नाही. पलीकडे पोचतो तो फरशीवरून आणि छतावरून परतलेला. म्हणून दोन्हीकडचं छत पांढरं, मॅट, बिनचकाकीचं ठेवलं आणि बेडरूमची फरशी गडद करायचा लेकीचा हट्ट मोडून काढला. दिवसा आता हॉलमध्ये माणसं, वस्तू, बूट सगळं नीट दिसतं, मात्र पुस्तक वाचायला दिवा लागतो. मला हे पुरेसं वाटतं. नवऱ्याला वाटत नाही.

काचेचा उलटा त्रास रात्री होतो, आणि तो कुठल्याच फोटोत दिसत नाही. हॉलमध्ये टीव्ही चालू असेल तर बेडरूमच्या छतावर निळसर उजेड नाचत राहतो. लेकीने पहिल्या महिन्यात डोळ्यांवर ओढणी बांधून दिवस काढले. मग काचेला आतून गुंडाळता येणारा जाड पडदा लावला, साखळी हाताला लागेल अशी. वर काच लावणार असाल तर पडद्याच्या पेटीची जागा आधीच सोडून ठेवा. नंतर लावलेली पेटी काचेची चार इंच उंची खाऊन बसते. आमच्याकडे बसलीच आहे.

आता आवाज. दुसरी बेडरूम हवी असते ती बहुतेकदा झोपेच्या, अभ्यासाच्या नाहीतर कामाच्या वेळा वेगळ्या झाल्या म्हणून. तेव्हा खोली चांगली झाली की नाही हे शेवटी आवाजावरच ठरतं.

दुहेरी बोर्ड आणि रॉकवूलची भिंत व्यवस्थित बांधली तर ४५ डेसिबलच्या पुढे सहज अडवते. पलीकडचं साधं बोलणं अशा भिंतीतून समजत नाही. पण भिंतीत दार असतं. आम्ही सरकता दरवाजा घेतला, कारण बिजागरीचा दरवाजा आत उघडला तर कपाट अडत होतं आणि बाहेर उघडला तर सोफा. सरकत्या दाराला भिंत आणि पल्ल्यामध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर तो सरकणार कसा? आमच्याकडे ती सव्वा सेंटिमीटरच्या आसपास आहे. चारही बाजूंनी हिशेब केला तर ही फट संपूर्ण भिंतीच्या पाऊण टक्का होते. पाऊण टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण ध्वनीचं गणित निष्ठुर आहे. भिंतीचा एक टक्का भाग उघडा असेल तर बाकी भिंत किल्ल्याची का असेना, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. थोडक्यात, महागड्या भिंतीचं अर्धंअधिक काम दाराच्या फटीने पाण्यात घातलं.

पहिले काही महिने तसंच चाललं. टीव्हीवरचा प्रत्येक शब्द आत ऐकू यायचा. मग सुताराने पल्ल्याच्या कडांना ब्रशपट्ट्या लावल्या, बंद झाल्यावर पल्ला चौकटीवर दोन इंच चढेल अशी आडवी पट्टी ठोकली आणि खाली रबर दिलं. फरक पडला, पण गंमतीशीर पडला. अशा पट्ट्या चिरका, वरच्या पट्टीतला आवाज जास्त अडवतात आणि व्यंजनं त्यातच असतात. त्यामुळे आता कोण बोलतंय ते कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. अभ्यासाला हे चालतं. हलकी झोप असलेल्या माणसाला चालेल असं मी सांगणार नाही. पलंगाची जागा थोडी हलवून बिजागरीचा दरवाजा बसत असेल तर डोळे मिटून तोच घ्या: भरीव पल्ला, तीन बाजूंना गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी रबरी पट्टी, आणि खाली दार लावलं की आपोआप उतरणारी पट्टी.

अजून एक बारकावा आमच्या इलेक्ट्रिशियनमुळे साधला. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे स्विचबोर्ड त्याने पाठीला पाठ लावून न बसवता दोन स्टडच्या अंतराने सरकवले. बोर्डाची पेटी म्हणजे भिंतीला पाडलेलं भोकच. दोन भोकं समोरासमोर आली की आवाजाला नळी तयार मिळते. नवीन खोलीचं सर्किट आणि एमसीबीही त्याने वेगळा काढला, म्हणजे एसीमुळे ट्रिप झालं तरी हॉल अंधारात जात नाही.

हवेचा प्रश्न ब्रशपट्ट्या लागल्यावर डोकं वर काढून उभा राहिला. फट बुजवली की आवाज अडतो, तशी हवाही अडते. लेक सकाळी जड डोक्याने उठायला लागली. झोप कमी होते असं आम्ही म्हणत होतो. मग कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा मीटर आणून खोलीत ठेवला. बाहेरच्या हवेत हा आकडा सव्वाचारशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो, आमचा मीटर पहाटे दीड हजाराच्या वर गेलेला. नऊ बाय अकराच्या खोलीत जेमतेम २६ घनमीटर हवा मावते आणि झोपलेला माणूस तासाला दहा-बारा लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो, तेव्हा यात नवल काहीच नाही. एसी चालू होता की, असं नवरा म्हणाला. अनेकांचा हा गैरसमज असतो. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. आता खिडकीची एक झडप रात्रभर इंचभर उघडी असते. आकडा हजाराच्या आत राहतो आणि सकाळची कुरकुरही थांबली.

वरच्या काचेचे तीन भाग आहेत, त्यातला मधला उघडतो. दिवसा तो उघडा ठेवला की खिडकीतून आलेली हवा हॉलमधून स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टकडे ओढली जाते. तिन्ही भाग पक्के बसवले असते तर हॉलमध्ये कोंडल्यासारखं झालं असतं.

हॉलबद्दल मात्र मला थोडं वाईट वाटतं. साडेदहा बाय अकराचा चौकोन उरला आहे आणि त्यातून पाच दारांची ये-जा चालते. दाराचा पल्ला ज्या भिंतीवर सरकतो तिथे फर्निचर नाही, फोटो नाही, स्विचही नाही. तेवढी भिंत कायमची गेली. बदल्यात स्वयंपाकघराची हॉलकडची अर्धी भिंत कमरेपर्यंत उतरवली. ती भार घेणारी नाही हे इंजिनिअरकडून लेखी घेतलं आणि मगच हातोडा लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीचा उजेड त्यामुळे थेट हॉलमध्ये येतो. मिक्सर लागला की फोनवर बोलणं बंद, फोडणीचा वास सोफ्याच्या उशांपर्यंत. पण उजेड इतका मोठा मिळाला की हे सगळं मी हसत सोसते.

खोलीतल्या सामानाचं थोडक्यात सांगते. ९० सेंटिमीटर रुंद पलंग, खिडकीखाली टेबल, ६० सेंटिमीटर खोल कपाट. यापेक्षा उथळ कपाटात हँगरवरचे कपडे आडवे अडकतात. पलंग आणि कपाटात ७५ सेंटिमीटर मोकळे आहेत, म्हणून कपाटाला सरकते पल्ले. काम सुरू करण्याआधी आम्ही फरशीवर चिकटपट्टीने भिंत आखली होती आणि कपाटाच्या जागी खोके रचून तसेच वावरत होतो. कपाट मूळ विचारापेक्षा फूटभर कडेला गेलं ते त्या खोक्यांना ठेचकाळूनच.

भिंतीचं टिकणं? छताला जिथे चौकट मिळते तिथे केसाएवढी चीर पडली आहे. स्लॅब भाराने किंचित वाकतो, म्हणून वर थोडी फट सोडून ती लवचीक सीलंटने भरायची असते. आमच्या मिस्त्रींनी एका कोपऱ्यात पुट्टी मारून वेळ निभावली आणि नेमकी तिथेच चीर आहे. बाकी ठिकाणी सीलंट आहे, तिथे काही नाही. पुढच्या रंगकामात तो कोपरा खरवडून घेणार.

जिथे शेल्फ येणार होतं तिथे बोर्ड लावण्याआधी आत प्लायवूडची पट्टी बसवून घेतली आणि मोजपट्टी धरून उघड्या भिंतीचे फोटो काढून ठेवले. पुस्तकांनी भरलेलं शेल्फ आजही तसूभर हललेलं नाही. ते फोटो मी अजून बघते, कारण दर काही महिन्यांनी कुणाला तरी नवीन खिळा ठोकायचा असतो आणि आतून वायर कुठून गेली आहे ते कुणालाच आठवत नाही.