जीएसटी सरकारने कमी केला, 'सवलत' शोरूमने दिली

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. डांबरी रस्ता सोडला की दीड किलोमीटर आत, मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. जून लागला की तांबड्या चिखलात साधी गाडी पुढे जायच्याऐवजी मागेच सरकते. म्हणून चारही चाकांना जोर मिळणारी फोर बाय फोर गाडी घ्यायची हे घरात तीन वर्षं घाटत होतं. २०२५च्या ऑगस्टमध्ये शेवटी शोरूमची पायरी चढलो. शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण हाच खेळ कुठेही होऊ शकतो.

तेव्हा कोटेशनवर एक्स-शोरूम किंमत, म्हणजे नोंदणी आणि विमा धरायच्या आधीची, होती १६,००,०००. पुढे जीएसटी कमी होणार अशी बातमी आली आणि सेल्समनच म्हणाला, थांबा. मला वाटलं, काय सज्जन माणूस! २२ सप्टेंबरला नवे दर लागू झाले. मी वर्तमानपत्रात 'चार मीटरच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के' एवढंच वाचून खूश होतो. आमची गाडी चार मीटरच्या आतलीच. पण लांबीबरोबर इंजिनही बघतात, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० पर्यंत. आमचं इंजिन दोन लिटरच्या वरचं, म्हणजे सरळ ४० टक्के. हे सेल्समनने हसत हसत समजावलं. माझं अज्ञान त्याला तिथेच कळलं असणार.

मग नवं कोटेशन आलं. एक्स-शोरूम परत १६,००,०००. खाली 'फेस्टिव्हल ऑफर' वजा ८५,०००, आणि त्या आकड्याभोवती निळ्या पेनाने दोनदा गोल. "पात्रांव, तुमचेखातीर मालकाशी भांडून आणलंय हे." एवढी सवलत दिली म्हटल्यावर ४८,००० चं ॲक्सेसरीज पॅकेज घेणं आलंच. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, दोन्ही बाजूंना साइड स्टेप. नको म्हणालो तर ऑफर जाईल म्हणाला. इन्शुरन्सही आमच्याकडूनच, नाहीतर पुढे कॅशलेस होणार नाही. शेवटच्या ओळीत 'टीसीएस व इतर कर २५,०००'. मी फक्त तळाचा ऑन-रोड, म्हणजे सगळं धरून झालेला आकडा बघितला. तो मागच्या कोटेशनपेक्षा कमी होता, तेवढंच पुरे झालं मला.

दसरा २ ऑक्टोबरला होता. शोरूममध्ये लग्नघरासारखी गर्दी. बॉनेटवर झेंडूचा हार, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी चावी, बायको हळदकुंकू लावतेय, भटजी दुसऱ्या गाडीकडे निघालेले, आणि माझ्यापुढे एक मुलगा क्लिपबोर्ड धरून उभा. "इथे, इथे आणि इथे." केल्या सह्या. फोटोत मी मात्र छान हसतोय.

फेब्रुवारीत भाचा आला. तो सीए आहे. त्याने सहज माझा २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडला आणि विचारलं, "मामा, दहा लाखांवरची गाडी घेतलीस ना? टीसीएस कुठे दिसत नाही." तेव्हा मला कळलं की टीसीएस हा गाडीचा खर्चच नव्हे. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर डीलर एक टक्का गोळा करतो, आपल्या पॅनवर सरकारकडे भरतो, आणि रिटर्न भरताना तो आपल्याच आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. मी तो गेले पैसे म्हणून सोडून दिला होता.

मग त्याने फाइल मागितली. कोटेशन आणि टॅक्स इन्व्हॉइस शेजारी शेजारी ठेवलं. इन्व्हॉइसवर एक्स-शोरूम होती १५,१३,५१४. भाच्याने मोबाइलवर हिशेब करून दाखवला. आधी जीएसटी आणि सेस (उपकर) मिळून ४८ टक्के होते, म्हणून १६ लाख भागिले १.४८. मूळ किंमत १०,८१,०८१. त्यावर नवे ४० टक्के चढवले की बरोबर इन्व्हॉइसचा आकडा. म्हणजे कर उतरल्यामुळेच गाडी ८६,४८६ रुपयांनी स्वस्त झाली होती. मालकाशी भांडून आणलेली सवलत ती हीच, आणि तीही दीड हजाराने कापून! त्या बदल्यात मी ४८ हजारांची मॅट अंथरून बसलो होतो.

पुढचं भराभर निघालं. टीसीएस एक टक्क्याने १५,१३५ होतो, तर २५,००० मधले उरलेले ९,८६५ कसले? 'लॉजिस्टिक' म्हणे. असा कुठलाही सरकारी कर नाही. आरटीओची खरी पावती परिवहनच्या साइटवरून काढली, ती कोटेशनपेक्षा ११,२०० ने कमी. इन्शुरन्सचे घेतले होते ८२,४००. वाळपईच्या एजंटाने तेवढ्याच आयडीव्हीवर, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीवर, ६१ हजार सांगितले. यात १५०० सीसीवरच्या गाडीचं तीन वर्षांचं थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचं) तेव्हा २४,५९६ अधिक जीएसटी, ते कुठेही तेवढंच. खेळ होतो तो उरलेल्या रकमेत. आणि पॉलिसी कुठून घ्यायची हे गिऱ्हाइकानेच ठरवायचं असतं.

तीन खेपा घातल्या. पहिल्या दोनदा मॅनेजर 'मीटिंगमध्ये'. तिसऱ्या वेळी भाच्याने तिथेच उभं राहून १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावला तेव्हा चहा आला. टीसीएस चुकीच्या पॅनवर भरला गेला होता म्हणे. ती चूक की चलाखी ते देव जाणे. त्यांनी रिटर्न दुरुस्त केलं, टीसीएस भरल्याचं २७डी सर्टिफिकेट दिलं. 'लॉजिस्टिक' आणि आरटीओचा फरक मिळून २१,०६५ खात्यात आले. इन्शुरन्स आणि ॲक्सेसरीजवर माझी सही होती, तिथे हात वर केले.

तुम्ही जाणार असाल तर त्या महिन्याची कंपनीची किंमतपत्रिका आधी काढून ठेवा, आणि बुकिंगचे पैसे देण्यापूर्वी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे बिलाचा आगाऊ मसुदा मागा, पेनाने गोल काढलेला कागद नव्हे. 'इतर' असा शब्द दिसला की तो फोडून लिहून घ्या. सह्या पूजेच्या आधी, बसून करा.

डावी साइड स्टेप दुसऱ्याच आठवड्यात व्हाळाच्या चढावर जांभ्या दगडाला लागून वाकली. काढून पंपाच्या खोलीपुढे टाकली आहे. पाय पुसायला बरी पडते.