वॉशिंग सेंटरचा खड्डा साफ करायचाय: माणसं लावू, टँकर बोलवू की पंप घेऊ?

घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून गाड्यांच्या खालून जो चिखल निघतो त्याने वॉशिंग सेंटरचे खड्डे, म्हणजे धुतलेलं पाणी गटारात जाण्याआधी ज्यात गाळ बसतो ते, लवकर भरतायत, आणि खड्डा भरला की वॉशिंगवाला सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारतो, "टँकरवाला किती घेतो?" मला विचाराल तर रेट नंतर, आधी खड्ड्यात नेमकं काय आहे ते बघा. पातळ गाळ, घट्ट बसलेली रेती आणि तेलकट काळा लगदा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघांचा इलाज वेगळा, खर्चही वेगळा.

बघायचं कसं, तर एक लांब काठी किंवा एक इंची पीव्हीसी पाइप घ्या, झाकण उघडून हळू आत सोडा. कुठेतरी ती मऊसर अडकते, तिथे पाण्याच्या पातळीला खूण करा. मग जोर देऊन दाबा, खाली काँक्रीटला टक्क लागलं की परत खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा गाळ. काठी सरसर खाली गेली तर गाळ पातळ आहे, पंप चालेल. दोन माणसांनी दाबूनही जात नसेल तर ती बसलेली रेती आहे आणि नुसता पाइप टाकून ओढणारा कोणीही ती काढणार नाही, तो फक्त वरचं पाणी नेईल. खोलीचा तिसरा हिस्सा गाळाने भरला की साफ करायचं असा साधा नियम धरा, कारण त्याच्या वर गेलं की गाळ खाली बसायला वेळच मिळत नाही आणि तो पुढच्या चेंबरमधून थेट गटारात जातो.

आता हिशोब. समजा खड्डा ६ फूट लांब, ५ फूट रुंद, ४ फूट खोल. म्हणजे १२० घनफूट, साधारण ३,४०० लिटर. तिसरा हिस्सा गाळ म्हणजे ४० घनफूट, अर्ध्या ब्रासपेक्षाही (ब्रास म्हणजे १०० घनफूट) कमी, ऐकायला काहीच नाही वाटत. पण ओला गाळ पाण्याच्या दीडपट जड धरला तर ते पावणेदोन टनाच्या आसपास जातं, वीस किलोच्या घमेल्याने ऐंशी-नव्वद घमेली. हा आकडा डोक्यात असू द्या, कारण "दोन तासात करून देतो साहेब" म्हणणारा नेमकं काय म्हणतोय ते यावरूनच कळतं.

पहिला पर्याय सगळ्यांच्या तोंडावर असतो तो, माणसं लावायची. नाक्यावरून दोन-तीन जण आणले, हजार-बाराशे हजेरी, चहा-वडापाव, संध्याकाळपर्यंत खड्डा मोकळा, चार हजारात विषय संपला. कागदावर हेच सगळ्यात स्वस्त आणि माझं मत विचाराल तर हेच सगळ्यात महाग. बंद खड्ड्यातला गाळ आतल्या आत कुजतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याचा वास येतो तोच. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो, आणि गाळ ढवळला की एकदम सुटतो. जास्त झाला की नाक बधिर होतं, त्यामुळे "आता वास गेला, उतर खाली" हे वाक्य सगळ्यात धोक्याचं. २०१९ च्या मे महिन्यात आपल्या ठाण्यातच ढोकाळीला एका सोसायटीच्या एसटीपीची (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटची) टाकी साफ करताना तीन कामगार गेले. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, थेट उतरवा नाहीतर ठेकेदारामार्फत. आणि सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. आपला वॉशिंगचा खड्डा या कायद्यात बसतो की नाही यावर वकील भांडत बसतील, गॅस काही विचारून येत नाही. शिवाय अंडरबॉडीला (गाडीच्या खालच्या बाजूला) डिझेल मारणारी सेंटर्स आहेत, तिथे वर पेटणारी वाफ असते आणि कामगाराच्या हातात बिडी.

माणसं लावायचीच तर एकच पद्धत मला पटते, कोणी आत उतरायचं नाही. तीन फुटांपर्यंतचा उथळ खड्डा लांब दांड्याच्या फावड्याने किंवा भोकं पाडलेल्या लोखंडी झाऱ्याने काठावर उभं राहून साफ होतो. वेळ जातो, कंबर मोडते, पण होतो. चार फुटांच्या पुढे हा विषय सोडून द्या.

दुसरा म्हणजे साधा सेप्टिक टँकरवाला. पाच हजार लिटरची टाकी, तीन इंची पाइप, एका फेरीचे ढोबळमानाने अडीच ते पाच हजार, लांब असाल किंवा रात्री बोलावलं तर वर. बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. टँकरवाला फेरीचे पैसे घेतो आणि त्याची टाकी भरते ती पाण्याने. तुमच्या खड्ड्यात सव्वादोन हजार लिटर नुसतं पाणी आहे, ते त्याने आधी ओढलं, टाकी निम्मी भरली, मग गाळावर पाइप ठेवल्यावर मोटर घरघरली, दोन झटके आले आणि तो म्हणाला, "झालं शेठ, खाली सिमेंट लागलं." सिमेंट नाही, रेती लागलीये.

म्हणून टँकर यायच्या आदल्या रात्री खड्डा ढवळू नका, आणि सकाळी वरचं निवळ पाणी छोट्या पंपाने पुढच्या चेंबरमध्ये किंवा ड्रममध्ये काढून घ्या. वर तेलाचा तवंग असेल तर तो आधी मगाने वेगळ्या कॅनमध्ये. पाण्याचा पाऊण फूट थर ठेवा. मग टँकरचा पाइप आत गेला की तुमचाच प्रेशर वॉशर लांब लान्स (पुढची नळी) लावून त्याच्या तोंडाजवळ मारत राहा, बाहेर उभं राहूनच. रेती उठते आणि उठलेली रेतीच पाइपात जाते. एवढं केलं तर दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत बसतं. पैसे द्यायच्या आधी परत काठी घालून बघा, टँकरवाला तोंड वाकडं करेल, करू दे.

तिसरा, जेटिंग (जोराने पाणी मारणं) आणि सक्शन (ओढून घेणं) दोन्ही असलेली मोठी गाडी. महापालिकेच्या ड्रेनेज लाइनला लागलेली बघितली असेल. घट्ट रेतीवर याच्याइतकं दुसरं काही चालत नाही. पण भाडं फेरीवर नाही तर शिफ्टवर, आणि साध्या टँकरच्या कितीतरी पट. दोन बेच्या, म्हणजे गाडी धुवायच्या दोन जागा असलेल्या, सेंटरला परवडत नाही. डीलरचं वर्कशॉप, ट्रान्सपोर्टवाल्यांचं यार्ड, कळंबोलीकडे ट्रक धुणारे, यांनी तीन-चार खड्डे एकाच दिवशी करून घेतले तर गणित जमतं. शेजारच्या दोन सेंटरवाल्यांना बरोबर घेऊन एक शिफ्ट वाटून घेणं हा पण मार्ग आहे, फक्त धंद्यातली भांडणं जरा बाजूला ठेवावी लागतात. आणि गाडी उभी कुठे राहणार ते आधी बघा, नौपाड्याच्या गल्लीत किंवा मॉलच्या बेसमेंटमध्ये ती शिरतच नाही.

जेसीबी, मिनी एक्स्कॅव्हेटर वगैरे फक्त उघड्या, उताराच्या मोठ्या खड्ड्यांना. झाकणवाल्या चेंबरला त्याचा उपयोग शून्य, कडा मात्र फुटतात.

चौथा, स्वतःचा पंप. चांगला सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालणारा) मड पंप पंधरा-वीस हजारांपासून पुढे. रेतीने त्याचा इंपेलर (आतलं फिरणारं पातं) झिजतो, तेव्हा तो खर्च दर वर्षी-दोन वर्षांनी धरूनच चाला. ओल्या जागेत वायर, म्हणून ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावल्याशिवाय प्लग लावायचा नाही. पंप खड्डा रिकामा करण्यासाठी नाही, खड्डा भरू न देण्यासाठी आहे, हे लक्षात ठेवून घेतला तर पैसे वसूल. आठवड्याला एकदा सकाळी, बे उघडायच्या आधी, पातळ गाळ उपसून तो गोणीत सोडायचा. गोणी जाळीवर ठेवली की पाणी निथळून परत खड्ड्यात आणि आत राहते ती माती. ऑक्टोबर ते मे मस्त वाळते, पावसाळ्यात नाही वाळत, तेव्हा ताडपत्रीखाली ठेवावी लागते आणि वासाची तक्रार येते. गोणीत मातीबरोबर काय काय निघतं बघा, नंबरप्लेटचे स्क्रू, गुटख्याच्या पुड्या, चाकाच्या बॅलन्सिंगची वजनं.

आता सगळ्यात कमी विचारला जाणारा खर्च: काढलेला गाळ जाणार कुठे. जो सगळ्यात स्वस्त बोलतो तो बहुतेक वेळा पुढच्या नाल्यात सोडतो, आणि नाला खाडीला जातो. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल आणि तेलकट अवशेष येतात. ते साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचे नाहीत, अधिकृत ठिकाणीच द्यायचे, आणि नेताना सोबत मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कोणाचा, काय आणि कुठे चाललाय त्याचा कागद. घातक कचऱ्याची सोय आपल्याकडे तळोजा आणि महापे दोन्हीकडे आहे, म्हणजे लांबचं कारण चालत नाही. तुमचं सेंटर नेमकं कशात बसतं ते एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) ऑफिसात विचारून घ्या. खर्च वजनावर आणि वाहतुकीवर जातो, म्हणूनच पाणी निथळवणं महत्त्वाचं, नाहीतर पाणी वाहून न्यायचे पैसे भरताय. आणि इंजिन वॉश, अंडरबॉडी ग्रीसचं काम एकाच बेवर ठेवा, त्याचं चेंबर वेगळं, म्हणजे सगळाच गाळ तेलकट होत नाही. नवीन सेंटर बांधत असाल तर हे आत्ताच करा, नंतर फरशी फोडावी लागते.

बंद बेचं नुकसानही मोजा. दिवसाला वीस गाड्या, गाडीमागे चारशे रुपये धरले तर आठ हजार. म्हणजे दिवसभर चालणारी "स्वस्त" मजुरी, दोन तासात आटपणाऱ्या टँकरपेक्षा महाग पडते.

मग कोणी काय करावं? दोन-तीन बे, फोम वॉश, इंजिनचं काम नाही, असं असेल तर स्वतःचा पंप आणि वर्षातून दोनदा टँकर, यापलीकडे काही लागत नाही. सर्व्हिसिंग चालतं, तेल आहे, तर पंपाच्या नादाला लागू नका, मॅनिफेस्टचा कागद देणारा टँकरवाला पकडा, भले दीडपट घेवो. खड्डा वर्षानुवर्षं उघडलेलाच नाही आणि काठी जात नाही, तर एकदा मोठी जेटिंग गाडी बोलवून टाका, नंतर वरच्या दोनपैकी तुम्हाला लागू पडेल त्या पद्धतीवर या. वाशी, ऐरोलीकडे खाडीलगत असाल आणि टाकी तयार प्लास्टिकची किंवा फायबरची असेल तर भर पावसात ती पूर्ण रिकामी करू नका, खालचं पाणी तिला वर उचलतं, पाइप तुटतात.

वेळेचं म्हणाल तर मे महिन्यात नालेसफाई आणि सोसायट्यांची कामं एकदम निघतात, टँकर मिळत नाही, मिळाला तर तोंडाला येईल तो भाव. एप्रिलमध्येच बोलून ठेवा. दुसरी फेरी दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी, पावसाचा चिखल तेव्हा काढला की दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाड्यांची लाइन रस्त्यावर गेली तरी पाणी तुंबत नाही.