जंपरवाले आयएसए साउंड कार्ड: इंटरप्टचे भांडण आणि त्याचा निकाल

घरच्या जुन्या पेंटियम संगणकातले मूळ साउंड कार्ड बंद पडल्यावर मी एक वापरलेले, १६ बिटांचे आयएसए (जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसणारे) कार्ड घेतले. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. मात्र एफएम संगीतासाठी (चिपने स्वतःच सूर तयार करून वाजवलेल्या संगीतासाठी) यामाहाची खरी ओपीएल३ चिप आहे, आणि पत्ता (प्रोसेसर कार्डाशी ज्या क्रमांकावर बोलतो तो), इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला हाक मारण्याची क्रमांकित वाट) व डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतली माहिती कार्डाकडे नेणारी वाट) हे तिन्ही जंपरने, म्हणजे पिनांच्या जोडीवर बसवायच्या छोट्या टोपीने, ठरवता येतात. विंडोज ९८ आणि डॉस या दोन्हींवर दोन महिने वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की हे कार्ड घेण्याजोगे आहे ते या जंपरमुळेच, आणि सुरुवातीला ते जो त्रास देते तोही त्यांच्यामुळेच.

पहिल्याच दिवशी डॉसवरचा एक खेळ सुरू केला, तेव्हा सुरुवातीच्या आवाजाचा जेमतेम अर्ध्या सेकंदाचा तुकडा अडकलेल्या रेकॉर्डसारखा पुन्हा पुन्हा वाजत राहिला. असे झाल्यास कार्ड खराब निघाले असे मानून ते परत करू नये, कारण हे लक्षण फार बोलके आहे. डीएमए मेमरीतला आवाज कार्डाकडे व्यवस्थित पोहोचवत असते, पण एक भाग वाजून झाला, आता पुढचा भरा, हे प्रोसेसरला कळवणारा इंटरप्टच पोहोचत नाही. त्यामुळे तोच भाग फिरून फिरून वाजतो.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये सर्वांत वरच्या ‘कॉम्प्युटर’ या नोंदीवर डबल क्लिक केले, की कोणता इंटरप्ट कोणाकडे आहे याची पूर्ण यादी मिळते. त्यात ५ या क्रमांकावर साउंड कार्डाबरोबर पीसीआय (आयएसएनंतरच्या नव्या पद्धतीचे) नेटवर्क कार्डही बसलेले दिसले. दोष दोघांचाही नव्हता. जंपरवाले कार्ड स्वतःच्या जागेची माहिती बायोसला (संगणक सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) देऊ शकत नाही. साहजिकच बायोसने ५ क्रमांक मोकळा समजून नेटवर्क कार्डाला देऊन टाकला. पीसीआय कार्डे आपापसांत इंटरप्ट वाटून घेऊ शकतात, आयएसए कार्डाला मात्र तो सहसा स्वतंत्रच लागतो.

उपाय बायोसमध्येच आहे. पीएनपी (प्लग अँड प्ले, म्हणजे कार्डांना जागा आपोआप देण्याची सोय) आणि पीसीआयच्या पानावर ५ क्रमांकापुढे ‘लेगसी आयएसए’ निवडले, म्हणजे तो क्रमांक जुन्या आयएसए कार्डासाठी राखून ठेवला, जुनी कॉन्फिगरेशन माहिती पुसण्याचा पर्याय चालू केला आणि संगणक पुन्हा सुरू केला; नेटवर्क कार्ड आपोआप ११ वर गेले आणि खेळाचा आवाज सलग येऊ लागला. डॉस सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमधली, खेळांना कार्डाचे क्रमांक सांगणारी ‘सेट ब्लास्टर’ची ओळ जंपरशी तंतोतंत जुळली पाहिजे, हेही येथे सांगायला हवे. माझ्याकडे ती ए२२० आय५ डी१ एच५ अशी आहे, म्हणजे पत्ता २२०, इंटरप्ट ५, आणि डीएमए ८ बिटांसाठी १ व १६ बिटांसाठी ५.

यातला डीएमए १ मला नंतर लावावा लागला. आधीच्या मालकाने तो जंपर ३ वर ठेवला होता आणि प्रिंटरचे पोर्ट ईसीपी या वेगवान पद्धतीत असल्याने तेही ३ च वापरत होते, म्हणून छपाई चालू असताना गाणे लावले की संगणक गोठत असे. चिमट्याने ती इवलीशी काळी टोपी दोन पिनांवरून उचलून शेजारच्या जोडीवर बसवली, विंडोजमध्ये ‘आपोआप सेटिंग’ची खूण काढून तोच क्रमांक भरला आणि विषय मिटला. त्यानंतर सेटिंग एकदाही हललेले नाही. आधीचे प्लग अँड प्ले कार्ड नवे काही बसवले की स्वतःची जागा बदलत असे आणि डॉसचे सगळे खेळ पुन्हा मुके होत, त्यापुढे ही स्थिरता मला फार मोलाची वाटते.

आवाज चांगला आहे, एफएम संगीत तर उत्तमच. स्पीकरला थोडी खरखर होती. कार्डावरचा अॅम्प्लिफायर जंपरने वगळल्यावर आणि कार्ड डिस्प्ले कार्डापासून दूरच्या स्लॉटमध्ये हलवल्यावर ती बरीच कमी झाली. स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेले स्पीकर असतील तर एवढे अवश्य करावे.

घेताना एक गोष्ट मात्र नीट पाहावी. माझ्या कार्डावर प्रत्येक जंपरशेजारी त्याचा क्रमांक पांढऱ्या अक्षरांत छापलेला आहे. तो छापलेला नसेल आणि माहितीपुस्तिकाही सोबत मिळत नसेल, तर असे कार्ड फुकट मिळाले तरी घेऊ नये.