तडीपारी की एमपीडीए?

गल्लीतल्या दादाचा बंदोबस्त करायला महाराष्ट्र पोलिसांच्या हाती दोन जुनी हत्यारं आहेत. पहिलं १९५१ च्या पोलीस कायद्यातलं कलम ५६, म्हणजे तडीपारी. दुसरं १९८१ चा एमपीडीए, म्हणजे धोकादायक कारवायांना आळा घालणारा कायदा, बोलीभाषेत ‘झोपडपट्टीदादा कायदा’. पुढे त्यात वाळूतस्करही आले.

तडीपारीत माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षं जिल्ह्याबाहेर काढतात. तो मोकळाच असतो, फक्त तुमच्या डोळ्यांसमोर नसतो. पुण्याची डोकेदुखी साताऱ्याला, एवढंच. शिवाय ‘तडीपार गुंड शहरात फिरताना पकडला’ ही बातमी वाचली नाही असा वाचक सापडणं कठीण. साक्षीदार घाबरून पुढे येत नाहीत, हा या कलमाचा खरा आधार. म्हणून नाव झाकून घेतलेले जबाब चालतात. पण त्यातच मनमानीला वाव. २०२२ मध्ये जालन्याचा एक आदेश रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने बजावलं: हा उपाय अपवादात्मक आहे, आणि पूर्ण दोन वर्षं द्यायची तर कारणं लिहा.

एमपीडीएचा मामला थेट तुरुंगाचा. खटल्याशिवाय १२ महिन्यांपर्यंत स्थानबद्धता. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला सरकारची १२ दिवसांत मान्यता लागते, मग प्रकरण स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे. मोहल्ल्याला वर्षभर खरोखर शांतता मिळते, हे मान्य. पण आदेशाला झालेला उशीर किंवा स्थानबद्धाला दिलेल्या कागदांच्या न वाचता येणाऱ्या झेरॉक्स एवढ्यावरही हे आदेश हायकोर्टात कोसळतात.

निवडायचंच तर मी तडीपारी निवडेन, ती कुचकामी वाटत असली तरी. खटल्याविना वर्षभर कोठडी मला जास्त खुपते.